सोफा तोच, पडदा वेगळा: 'बीव्हिस अँड बटहेड' समजून घेताना

एप्रिल २०२४ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी विनोदी कार्यक्रमातला एक तुकडा जगभर मोबाइलवर फिरला. स्टुडिओत कृत्रिम बुद्धिमत्तेवर गंभीर चर्चा चालली आहे आणि प्रेक्षकांत एक माणूस बसलाय. लांबुळकं कपाळ, पिवळ्या केसांचा उभा तुरा, निळा टी-शर्ट. तो होता रायन गॉस्लिंग. थोड्या वेळाने दुसरा दिसतो, त्याचा ओठ वर चढलेला आणि हिरड्या उघड्या. मुलाखत घेणारीचं काम करणारी हायडी गार्डनर त्याच्याकडे बघते आणि तिला हसू काही केल्या आवरत नाही.

अमेरिकेतल्या चाळिशीपुढच्या माणसांनी हे दोघं, म्हणजे 'बीव्हिस अँड बटहेड' या कार्टून मालिकेतली जोडी, क्षणात ओळखले. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना मात्र कळेना, यात एवढं हसण्यासारखं काय आहे. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये या जोडीचा नवा सीझन अमेरिकेत कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर सुरू झाला. १९९३ मध्ये सुरू झालेली, दोनदा बंद पडलेली, सिनेमे आणि दुसऱ्या मालिका जन्माला घातलेली ही मालिका अजून का चालते, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

हे दोघं आहेत तरी कोण?

बीव्हिस आणि बटहेड ही टेक्सासमधल्या हायलँड नावाच्या काल्पनिक गावातली चौदा-पंधरा वर्षांची दोन शाळकरी मुलं. अभ्यासात ढ, कामात आळशी, तोंडाने वात्रट. बीव्हिसच्या अंगावर 'मेटॅलिका'चा टी-शर्ट, बटहेडच्या अंगावर 'एसी/डीसी'चा, म्हणजे दोघंही कर्कश गिटारवाल्या हेवी मेटल संगीताचे भक्त. 'बर्गर वर्ल्ड' नावाच्या दुकानात ते कामाला आहेत, पण काम करताना फारसे दिसत नाहीत. मुली पटवायच्या हे त्यांचं आयुष्यातलं एकमेव ध्येय आणि त्यात त्यांना कधीच यश येत नाही. उरलेला वेळ ते एका मळकट सोफ्यावर बसून टीव्ही बघतात आणि खिदळतात.

त्यांचं खिदळणं हीच मालिकेची लय आहे. 'नो लाफिंग' नावाच्या एका भागात मुख्याध्यापक मॅकव्हिकर वैतागून दोघांना आठवडाभर हसायची बंदी करतात. नेमकं त्याच वेळी कोच बझकट वर्गात लैंगिक शिक्षण शिकवायला घेतो. दोघांच्या तोंडासमोर उभा राहून तो शरीराच्या अवयवांची नावं मुद्दाम मोठ्याने, सुटी सुटी करून उच्चारतो. पोरांचे चेहरे ताणले जातात, घाम फुटतो, ओठ थरथरतात. प्रसंग साधा आहे, पण नववीच्या वर्गात बाक शेअर केलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल.

सुरुवात: घरात बनवलेली छोटी फिल्म

माइक जज हा या सगळ्याचा जनक. जन्म १९६२, इक्वाडोरमधल्या ग्वायाकिल शहरात. लहानपण अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीत. कॅलिफोर्नियात भौतिकशास्त्राची पदवी घेतली, काही काळ इंजिनिअर म्हणून नोकरी केली. सिलिकॉन व्हॅलीतल्या एका कंपनीतून तो काही महिन्यांतच बाहेर पडला. मग ब्लूज बँडमध्ये बेस गिटार वाजवत फिरला. १९८०चं दशक संपता संपता त्याने १६ मिलिमीटरचा बोलेक्स कॅमेरा विकत घेतला आणि टेक्सासमधल्या आपल्या घरात बसून ॲनिमेशन करायला लागला. चित्रं त्याची, आवाज त्याचे, चित्रीकरणही त्याचंच.

१९९२ मधली 'फ्रॉग बेसबॉल' ही त्यातलीच एक छोटी फिल्म. दोन रिकामटेकडी पोरं बेसबॉलच्या बॅटने बेडूक टोलवतात, एवढंच कथानक. ती बघताना अंगावर येते आणि यायलाच हवी. उन्हाळ्याची दुपार, करायला काही नाही, कोणी मोठं माणूस आसपास नाही, अशा वेळी पोरांच्या हातून जी क्रूरता घडते ती जजने काहीही गोड न करता दाखवली. ही फिल्म एमटीव्हीच्या 'लिक्विड टेलिव्हिजन' या प्रायोगिक ॲनिमेशनच्या कार्यक्रमात आली. वाहिनीने पात्रांचे हक्क विकत घेतले आणि ८ मार्च १९९३ रोजी मालिका सुरू झाली. दोघा पोरांचे आवाज जजनेच दिले. शेजारचे अँडरसनकाका, शिक्षक, मुख्याध्यापक यांचेही आवाज त्याचेच.

कार्टून आहे, मग मुलांसाठी का नाही?

आपल्या घरांत कार्टून म्हटलं की लहान मुलांची सोय, हे समीकरण पक्कं आहे. मोठ्यांचं ॲनिमेशन म्हणजे चित्रं कार्टूनची, पण विषय, भाषा आणि विनोद प्रौढांना समोर ठेवून केलेले. अमेरिकेत हा प्रकार डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झालेल्या 'द सिम्पसन्स'ने रुजवला. तिथे निदान एक कुटुंब होतं, संध्याकाळी सगळे एका टेबलावर जेवायला बसत होते.

बीव्हिस आणि बटहेडच्या घरात कोणीच नाही. आईचा उल्लेख येतो, आई दिसत नाही. बापाचा पत्ता नाही. जेवायला बोलावणारं, रागावणारं, 'झोपा आता' म्हणणारं कोणी नाही. या विनोदाच्या खाली केवढं एकाकीपण आहे, ते मला दर वेळी जाणवतं. या मुलांना वाढवलंय ते टीव्हीने. त्यामुळे टीव्ही हे या मालिकेतलं तिसरं मुख्य पात्र ठरतं, आणि पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीवरून उलगडतो.

खरी कमाल सोफ्यावर

मालिकेच्या प्रत्येक भागात कथेच्या मधे मधे दोघं सोफ्यावर बसून म्युझिक व्हिडिओ बघायचे आणि त्यावर शेरे मारायचे. व्हिडिओ खरे असत, म्हणजे एमटीव्हीवर दिवसभर दाखवले जाणारेच. जज बरेचसे शेरे व्हिडिओ बघता बघता तिथल्या तिथे सुचतील तसे बोलायचा, म्हणून त्यात लिहून काढलेल्या संवादांचा कृत्रिमपणा नाही. मधेच शांतता येते, एखादा शब्द चुकतो, बीव्हिस भलतंच काहीतरी पुटपुटतो आणि बटहेड त्याच्या थोबाडीत मारतो.

आज आपण यूट्यूबवर लोकांना दुसऱ्यांचे व्हिडिओ बघून प्रतिक्रिया देताना रोज बघतो. तीस वर्षांपूर्वी एखाद्या वाहिनीने स्वतःच दाखवत असलेल्या मालाची स्वतःच्याच पडद्यावर टर उडवू देणं ही मोठी गोष्ट होती. संगीत समीक्षकांना सांगता येत नव्हतं ते ही पोरं एका वाक्यात सांगून जायची: हा माणूस उगाच आव आणतोय.

त्यांच्या शेऱ्यांची ताकद बाजारातही दिसली. 'व्हाइट झॉम्बी' या बँडचा अल्बम १९९२ मध्ये आला तेव्हा फारसा गाजला नव्हता. या दोघांनी त्यांच्या व्हिडिओचं कौतुक केलं आणि १९९३ मध्ये विक्री एकदम चढली. उलट 'विंगर' या बँडचा टी-शर्ट जजने स्टुअर्ट नावाच्या पात्राच्या अंगात घातला. स्टुअर्ट म्हणजे या दोघांच्या मागे मागे करणारा, त्यांनी कधीच भाव न दिलेला शेजारचा गरीब मुलगा. त्या बँडची पत तरुणांमध्ये घसरली आणि गायक किप विंगरने याचा फटका बसल्याचं नंतर उघडपणे सांगितलं. एका कार्टून पात्राचा टी-शर्ट खऱ्या माणसांच्या पोटावर येऊ शकतो, हे या उदाहरणात फार स्पष्ट दिसतं.

यामुळे मुलं बिघडली का?

हा आक्षेप जुना आहे आणि झटकून टाकण्यासारखा नाही. ऑक्टोबर १९९३ मध्ये ओहायो राज्यात पाच वर्षांच्या एका मुलाने घराला आग लावली आणि त्यात त्याची दोन वर्षांची बहीण गेली. मुलाने हे बीव्हिसचं बघून केलं, असं आईने सांगितलं. बीव्हिसला आगीचं वेड होतं, मालिकेत तो त्या शब्दाचा घोष करायचा. देशभर संताप उसळला. त्या घरात केबलच नव्हती असं शेजाऱ्यांनी सांगितल्याच्या बातम्या नंतर आल्या, पण तोवर दोषारोप होऊन गेले होते.

त्याच महिन्यात अमेरिकी सिनेटमध्ये टीव्हीवरच्या हिंसेबद्दल सुनावणी झाली. ॲटर्नी जनरल जॅनेट रेनो यांनी टीव्ही कंपन्यांनी स्वतः लगाम घातला नाही तर सरकारला पाऊल उचलावं लागेल, असा इशारा दिला. साउथ कॅरोलिनाचे सिनेटर अर्नेस्ट हॉलिंग्ज यांनी मालिकेवर टीका करताना तिचं नावच 'बफकोट अँड बीव्हर' असं घेतलं आणि आपण ती पाहिलेली नाही हेही सांगितलं.

माझ्या मते दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एका कार्टूनमुळे ती आग लागली, हे कधी सिद्ध झालं नाही. पण प्रौढांसाठीची मालिका संध्याकाळी सात वाजता, घरातली लहानं टीव्हीसमोर असताना दाखवणं ही एमटीव्हीची चूक होती, आणि ती वाहिनीने सुधारली. संध्याकाळचं प्रक्षेपण बंद करून मालिका रात्री साडेदहानंतर ढकलली. आगीचे उल्लेख जुन्या भागांतूनही कापले. ही पात्रं खरी नाहीत, त्यांच्यासारखं वागू नका, अशी सूचना भागाआधी दाखवायला सुरुवात झाली. बीव्हिसच्या तोंडी तो शब्द मोकळेपणाने परत यायला २०११ उजाडावं लागलं.

म्हणजे लेखक या पोरांचं कौतुक करतो?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त पसरलेला आहे. विनोदात दोन प्रकारचं हसणं असतं. पात्राबरोबर हसणं वेगळं आणि पात्राला हसणं वेगळं. ही दोन पोरं कधीही जिंकत नाहीत. त्यांना मुली मिळत नाहीत, पैसा मिळत नाही, हिंमतवान म्हणून कोणी त्यांचं नाव घेत नाही. दुसऱ्याला चटका द्यायला जातात आणि स्वतः भाजून घेतात. त्यांच्या वागण्याचा हेवा वाटावा असं काही जजने दाखवलेलं नाही.

त्याच वेळी तो मोठ्यांनाही सोडत नाही. व्हॅन ड्रीसन हे प्रेमळ हिप्पी शिक्षक गिटार घेऊन या दोघांना माणूस करायला धडपडतात आणि त्यांना एक अक्षर समजत नाही. बझकटला फक्त ओरडता येतं. मॅकव्हिकर नुसते थरथरतात. अँडरसनकाका प्रत्येक वेळी या दोघांना घरचं काम देतात, नुकसान करून घेतात आणि पुढच्या वेळी त्यांना ओळखतसुद्धा नाहीत. मुलांकडे धड बघणारा एकही मोठा माणूस त्या गावात नाही. माझ्या लेखी मालिकेचा खरा रोख इथे आहे.

सिनेमा: चोरीला गेलेला टीव्ही

डिसेंबर १९९६ मध्ये 'बीव्हिस अँड बटहेड डू अमेरिका' हा सिनेमा आला. खर्च सुमारे १ कोटी २० लाख डॉलर, अमेरिकेतली कमाई ६ कोटींहून अधिक. ब्रूस विलिस आणि डेमी मूर यांचे आवाज होते. गोष्ट सुरू होते ती सोफ्यावर. डोळे उघडतात तर टीव्ही चोरीला गेलेला. तो शोधायला दोघं बाहेर पडतात, एका गुंडाला ते भाडोत्री मारेकरी वाटतात, आणि तिथून लास व्हेगासपासून थेट व्हाइट हाउसपर्यंत गोंधळ पसरत जातो.

यातला एक प्रसंग मला फार मोठा वाटतो. वाळवंटात रात्री शेकोटीपाशी त्यांना दोन भणंग माणसं भेटतात. चेहरेपट्टी तीच, हसणं तेच. एका रॉक बँडचं सामान वाहणारी ही माणसं, कधीकाळी हायलँडला थांबलो होतो असं सांगतात. प्रेक्षकाला लगेच कळतं की हे यांचे बाप आहेत. त्या चौघांपैकी एकालाही कळत नाही. थोडा वेळ खिदळून ते आपापल्या वाटेने जातात.

एका मालिकेतून फुटलेल्या फांद्या

एकाच पात्रविश्वातून मालिका, सिनेमे, अल्बम, खेळ असं सगळं निघत राहतं तेव्हा त्याला फ्रँचायझी म्हणतात, आणि मूळ मालिकेतल्या दुय्यम पात्राला स्वतंत्र मालिका मिळाली की स्पिन-ऑफ. बीव्हिस-बटहेडच्या वर्गात डारिया मॉर्गेनडॉर्फर नावाची हुशार, तिरकस बोलणारी मुलगी होती. १९९७ ते २००२ या काळात तिची 'डारिया' ही मालिका पाच सीझन चालली. जजचा त्यात सहभाग नव्हता. ग्लेन आइकलर आणि सुझी लुइस यांनी ती घडवली, आणि किशोरवयीन मुलीच्या बुद्धीला इतक्या आदराने वागवणारी मालिका त्या काळात दुर्मीळ होती.

जज स्वतः 'किंग ऑफ द हिल'कडे वळला. जानेवारी १९९७ पासून फॉक्स वाहिनीवर चाललेल्या या मालिकेतला हँक हिल आवाजाने आणि स्वभावाने अँडरसनकाकांचा भाऊ शोभतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मूळ मालिका सात सीझननंतर थांबली.

जुने भाग जसेच्या तसे का मिळत नाहीत?

फ्रँचायझीची सगळ्यात गुंतागुंतीची बाजू हीच आहे. भाड्याच्या गाळ्यात दुकान थाटलंय असं समजा. माल तुमचा, गाळा दुसऱ्याचा. सोफ्यावरच्या गप्पा हा माल, तो एमटीव्हीचा. पण ज्या व्हिडिओवर गप्पा चालल्यात तो गाळा परक्याचा, आणि करार टीव्हीवर दाखवण्यापुरताच. १९९३ मध्ये डीव्हीडी नव्हती, स्ट्रीमिंग तर कोणाच्या डोक्यातही नव्हतं. नव्या माध्यमासाठी नवा करार करायचा म्हटलं की गाळ्याचे मालकही एकाहून जास्त निघतात: गाणं रचणारा एक, ध्वनिमुद्रणाचा मालक दुसरा. कोणी भाडं वाढवून मागतो, कोणी नकारच देतो.

त्यामुळे २००५ पासून जजच्या निवडीचे डीव्हीडी संच आले तेव्हा त्यात बहुतेक भाग व्हिडिओंशिवाय होते. कथा राहिल्या, सोफा रिकामा झाला. ज्यांनी मालिका फक्त अशी पाहिली त्यांना ती साधारण वाटली तर त्यात त्यांचा दोष नाही.

परत का आली? तेच तेच नाही का?

ऑक्टोबर २०११ मध्ये एमटीव्हीवर आठवा सीझन आला. तोवर एमटीव्ही बदलून गेली होती. म्युझिक व्हिडिओ मागे पडून रिॲलिटी शो पुढे आले होते. आपल्याकडेही हाच बदल झाला. १९९६ मध्ये सुरू झालेली एमटीव्ही इंडिया गाण्यांसाठी लावली जायची. २००३ मध्ये 'रोडीज' आलं आणि पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत चर्चा त्याचीच होऊ लागली. तिकडे बीव्हिस आणि बटहेड सोफ्यावर बसून 'जर्सी शोर' बघू लागले. एकच सीझन झाला.

पुढे २०२२ मध्ये पॅरामाउंट प्लस या स्ट्रीमिंग सेवेवर 'डू द युनिव्हर्स' हा सिनेमा आला. १९९८ मधली ही पोरं अंतराळयानातून कृष्णविवरात शिरतात आणि थेट २०२२ मध्ये बाहेर पडतात. हातात फोन येतो आणि त्यातली सिरी, म्हणजे बायकी आवाजात उत्तरं देणारी फोनमधली सोय, ही आपल्या ओळखीची बाईच आहे असं समजून ते तिच्याशी बोलत बसतात. एका कॉलेजच्या वर्गात त्यांना गोऱ्या लोकांना मिळणाऱ्या आयत्या फायद्यांबद्दल सांगितलं जातं. यातून ते एवढाच अर्थ काढतात की आपल्याला काहीही केलं तरी चालतं. बाहेर पडून ते बेधडक तसंच वागतात आणि तुरुंगात जातात. चांगल्या शिकवणीचं अर्धवट डोक्यात काय होतं, ते इतक्या नेमकेपणाने मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

त्याच ऑगस्टमध्ये मालिका पुन्हा सुरू झाली. आता ते बीटीएस या कोरियन बँडचं 'डायनामाइट' बघतात, यूट्यूब आणि टिकटॉकवरचे तुकडे बघतात. काही भागांत त्यांचं मध्यमवयीन रूप दिसतं, पोट सुटलेलं, केस विरळ, त्याच सोफ्यावर. दोन सीझननंतर मालिका कॉमेडी सेंट्रलवर गेली. एमटीव्ही, कॉमेडी सेंट्रल आणि पॅरामाउंट प्लस एकाच पॅरामाउंट कंपनीची असल्यामुळे हे स्थलांतर घरातल्या घरात झालं.

'तेच तेच' हा आक्षेप पोरांपुरता खरा आहे, ती बदललेली नाहीत. बदलत गेलंय ते त्यांच्या समोरचं. केबल टीव्ही, रिॲलिटी शो, फोनचा पडदा, असा प्रत्येक काळातला तरुण काय बघत होता याची नोंद या सोफ्यावर होत गेली. पोरं दर वेळी वयाने वाढली असती तर ही तुलना करता आली नसती.

बघायची तर कुठून सुरुवात करायची?

१९९६ च्या सिनेमापासून. त्यात व्हिडिओंच्या हक्कांची अडचण नाही, गोष्ट पूर्ण आहे आणि वाळवंटातला तो प्रसंग आहे. मग २०२२ नंतरचे भाग घ्या, कारण त्यांत सोफा आणि पडदा दोन्ही शाबूत आहेत. जुने भाग शोधाल तर व्हिडिओंसकट असलेले शोधा. भाषा आणि विषय प्रौढांचे आहेत, तेव्हा घरातली लहान मुलं झोपल्यावरच लावा.